गोधडी

जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती कपड्यांचे थर एकावर एक रचून हाताने शिवलेले अंथरूण-पांघरूण. कोल्हापूर, सांगली, सातारा या भागांत तिला वाकळ म्हणतात. कर्नाटकच्या सीमेलगत कौदी हा शब्दही ऐकू येतो. रजईत किंवा दुलईत पिंजलेला कापूस भरतात, तसा गोधडीत नसतो. थरांमध्ये अडकलेल्या हवेने तिला ऊब येते. बंगालचा कांथा आणि बिहारची सुजनी याच कुळातल्या. मात्र कांथ्यात भरतकामाला जो मान आहे तो इथे नाही. गोधडीचा टाका थर धरून ठेवण्यासाठी असतो, नक्षी झालीच तर ओघाने होते.

वरच्या आणि खालच्या बाजूला शक्यतो लुगडे घेतात. नऊवारी लुगडे सुमारे सव्वाआठ मीटर भरते. त्याचे चार सारखे तुकडे करून दोन शेजारी जोडले की वरची बाजू होते, उरलेल्या दोहोंची खालची; एका लुगड्यात गोधडीची दोन्ही अंगे निघतात. मधल्या थरांना धोतरे, सदरे, परकर, चादरी असे काहीही चालते. आधी शिवणी उसवून, गुंड्या काढून फाटक्या जागी ठिगळ द्यावे लागते. नव्या कापडात खळ असते आणि ते धुतल्यावर आटते. जुन्याशी त्याची ओढाताण होऊन टाके तुटतात, म्हणून जाणती बाई ते टाळते. नायलॉन आणि पॉलिएस्टरच्या साड्या घरोघर आल्यावर गोधडीही बदलली. अशी गोधडी टिकते खूप, पण घाम शोषत नाही आणि रात्री अंगावरून घसरते.

शिवण्याचे काम उन्हाळ्यात, शेतीची कामे उरकल्यावर निघते. जमीन झाडून खालची बाजू अंथरतात, तिच्यावर थर ताणून बसवतात, कोपऱ्यांवर वजन ठेवतात आणि लांब कच्चे टाके घालून सगळे जखडून घेतात. मग जाड सुती दोऱ्याने धावदोरा सुरू होतो. सुरुवात काठाशी करून चौकोनी फेरे घेत मध्याकडे जाण्याची पद्धत आहे. एकाच दिशेने सरळ ओळी ओढत नेल्या तर वरचा थर पुढे सरकतो आणि शेवटी झोळ पडतो. ओळींमध्ये एक-दोन बोटांचे अंतर राखतात. शिवणारी गोधडीवरच बसते, त्यामुळे थर जागचे हलत नाहीत. शेजारणी मदतीला आल्या तर एकेकीला एकेक बाजू मिळते, आणि टाक्यांच्या लांबीवरून कोणती बाजू कोणाची हे पुढेही ओळखता येते.

गोधडी आधी कडेने फाटते, म्हणून खरी कसोटी कडेची. सोपी रीत अशी, की खालचे कापड चारी बाजूंनी दोन-तीन बोटे मोठे ठेवायचे आणि ते वर दुमडून शिवायचे. स्वतंत्र पट्टीचा गोट अधिक टिकतो. त्यासाठी लुगड्याचा काठ उत्तम. तो दाट विणीचा असतो आणि रंगाची चौकटही आपोआप मिळते. कोपऱ्यात पट्टी तिरकी दुमडून घ्यावी लागते, नाहीतर तिथे गाठोडे होते. झिजलेला गोट उसवून नवा लावता येतो.

बाळाचे दुपटे हे गोधडीचे धाकटे रूप. ते दोन-तीन थरांचेच असते आणि त्याला बहुधा आजीचे लुगडे लागते, कारण मऊ जुने सूत कोवळ्या अंगाला टोचत नाही. कापडे उलटी ठेवून कडा शिवायच्या, एका बाजूची फट राखून सुलटे करायचे, म्हणजे जाड गोटाची गरज राहत नाही.

गावोगाव फिरून मजुरीवर वाकळा शिवून देणाऱ्या स्त्रिया पूर्वीपासून आहेत. आता शहरांतही ग्राहकाने दिलेल्या साड्यांची गोधडी शिवून मिळते, पुष्कळदा यंत्रावर. यंत्राचा घट्ट, बारीक टाका विरलेल्या कापडाला भोके पाडतो. जुन्या सुतासाठी हाताचा सैल टाकाच योग्य.

नवरात्राआधी घरातल्या सगळ्या गोधड्या धुण्याची चाल आहे. भिजलेली गोधडी एकटीला उचलत नाही, पिळायला दोघी लागतात. वरचे कापड विरले की त्यावरच दुसरे लुगडे चढवतात. अगदी जीर्ण झालेल्या गोधडीचा मधला धड भाग कापून नव्या गोधडीत थर म्हणून घालतात.