एका ‘टू’ची गोष्ट

म्हैसूरच्या सयाजीराव रस्त्यावरून चालताना दुकानांच्या पाट्यांवर एक शब्द पुन्हा पुन्हा दिसतो : अंगडी. कन्नडमध्ये अंगडी म्हणजे दुकान. आडनाव म्हणूनही तो चालतो. बीटल्सच्या एका प्रेमगीताची कुळकथा शोधताना हाच शब्द मला लंडनमध्ये भेटला.

गाणं आहे ‘लव्ह यू टू’. जॉर्ज हॅरिसनने लिहिलेलं, १९६६च्या ‘रिव्हॉल्व्हर’ या अल्बममधलं. त्याच्यावरचा एक लेख मराठीत आणताना मी शीर्षकापाशीच अडले. देवनागरीत लिहिलं की ते ‘माझंही तुझ्यावर प्रेम आहे’ असं वाचलं जातं. इंग्रजीत मात्र त्या ‘टू’मध्ये एकच ‘ओ’ आहे. ‘सुद्धा’ हा अर्थ त्यात नाही. पुढे यायच्या क्रियापदाची वाट पाहत तो शब्द अधांतरी राहतो. आपली लिपी दोन्ही ‘टू’ सारखेच लिहिते आणि शीर्षकातला अधुरेपणा पुसून टाकते.

हा अधुरेपणा गाण्याच्या आशयातच आहे. दिवस हातातून निसटतात, माणसं फसवायला टपलेली असतात. तेव्हा वेळ आहे तोवर प्रेम करून घ्यावं, असं ते सांगतं. जानेवारी १९६६मध्ये हॅरिसनचं पॅटी बॉइडशी लग्न झालं होतं. तरी नवविवाहिताच्या या गाण्यात लाडिकपणा थोडा आणि घाई फार आहे.

ही घाई व्यक्त करायला त्याला सूर कुठून मिळाले, ही गोष्ट एका तारेपासून सुरू होते. ऑक्टोबर १९६५मध्ये ‘नॉर्वेजियन वुड’चं ध्वनिमुद्रण चालू असताना हॅरिसनच्या सतारीची तार तुटली. दुसरी तार मिळाली ती लंडनच्या ‘एशियन म्युझिक सर्कल’कडून. अयन देव अंगडी हे कन्नड गृहस्थ आणि त्यांच्या इंग्रज पत्नी पॅट्रिशिया ही संस्था चालवत. व्हायोलिनवादक यहुदी मेनुहिन तिचे अध्यक्ष होते.

एप्रिल १९६६मध्ये ‘लव्ह यू टू’साठी वादक हवे होते, तेव्हाही अंगडींनीच फोन केला, तबलावादक अनिल भागवत यांना. आडनाव मराठी कानाला लगेच ओळखीचं वाटावं असं. जॉर्ज नावाच्या कुणाबरोबर वाजवायचं आहे, एवढंच त्यांना कळलं होतं. न्यायला रोल्स-रॉइस आली तेव्हा उलगडा झाला. ११ एप्रिलला ध्वनिमुद्रण सुरू झालं. रविशंकरांच्या ढंगाचं, सोळा मात्रांचं काहीतरी वाजवा, अशी हॅरिसनची सूचना होती. उपज करायला मोकळीक होती. हॅरिसन तोवर रविशंकरांना भेटलाही नव्हता. ती भेट जूनमध्ये झाली, आणि तीही अंगडींच्या ओळखीने.

गाणं ऐकताना आपल्याला त्याची बांधणी परकी वाटत नाही. आधी तालाविना सतारीचे सूर, आलापासारखे. मग तबल्याचा ठेका. शेवटी लय चढते आणि त्या वेगातच गाणं विरत जातं. बैठकीत ज्याला तास लागतो, तो प्रवास इथे तीन मिनिटांत उरकतो. वेळ कमी आहे, हे शब्दांइतकंच लयही सांगते.

अल्बमच्या वेष्टनावर अनिल भागवत हे नाव छापलेलं आहे. बीटल्सच्या तबकडीवर बाहेरच्या वादकाचं नाव येणं तेव्हा दुर्मीळच होतं. सर्कलच्या इतर वादकांची नावं मात्र नाहीत. त्यामुळे गाण्यातली सतार किती हॅरिसनची आणि किती दुसऱ्या कुणाची, यावर अभ्यासक आजही वाद घालतात. फोन करणाऱ्या अंगडींचंही नाव नाही. माझं नाव छापायचं राहून गेलेलं एक अनुवादित पुस्तक माझ्याही कपाटात आहे. म्हणून असेल, मी कुठलंही वेष्टन हाती घेतलं की आधी बारीक अक्षरं वाचते.

शीर्षकाचं शेवटी असं केलं : ‘तुझ्यावर प्रेम करायला’. पुढे काहीच नाही. हे वाक्य अपुरं राहिलंय का, असं संपादकांनी विचारलं. मी म्हटलं, हो, मुळातही अपुरंच आहे. आणि अंगडींवर एक टीप जोडून दिली.