एचआयव्ही प्रतिबंध आणि स्थानिक स्वराज्य संस्था: कामाठीपुऱ्यापासून विंझरपर्यंत

लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या रोगांचा बंदोबस्त कोणी करायचा आणि त्याचा खर्च कोणी सोसायचा, हा वाद महाराष्ट्रात एचआयव्हीच्या शंभराहून अधिक वर्षे आधी सुरू झालेला आहे. ब्रिटिश सरकारने १८६८ मध्ये केलेल्या सांसर्गिक रोगांच्या कायद्यानुसार वेश्याव्यवसायातील स्त्रियांची नोंदणी आणि सक्तीची तपासणी होई, आणि रोग आढळल्यास त्यांना ‘लॉक हॉस्पिटल’मध्ये, म्हणजे गुप्तरोगांसाठीच्या बंदिस्त रुग्णालयात, ठेवले जाई, गोरे शिपाई आणि खलाशी यांचे आरोग्य राखणे हा त्यामागचा उघड हेतू होता. मुंबईत या कायद्याचा अंमल १८७० मध्ये सुरू झाला, परंतु नगरपालिकेने त्याचा खर्च उचलण्यास नकार दिल्यामुळे दोनच वर्षांत तो थांबवावा लागला. १८८० मध्ये तो पुन्हा लागू झाला आणि १८८८ मध्ये कायमचा गेला. नगरपालिकेचा आक्षेप प्रामुख्याने तिजोरीचा होता, त्या स्त्रियांच्या अब्रूचा नव्हे, हे येथे नोंदवले पाहिजे. तरीही स्थानिक संस्थेने पैसा अडवला की सरकारचा आरोग्यविषयक कायदा कागदावरच राहतो, हे या प्रकरणातून दिसून आले.

भारतात एचआयव्हीचा संसर्ग १९८६ मध्ये प्रथम आढळला आणि सुरुवातीची प्रतिक्रिया पुन्हा सक्तीचीच होती. गोव्यात १९८९ मध्ये डॉमिनिक डिसोझा या तरुणाला राज्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याचा आधार घेऊन म्हापशाच्या एका जुन्या क्षयरोग रुग्णालयात एकांतात डांबण्यात आले आणि त्या तरतुदीविरुद्ध त्याच्या आईला मुंबई उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. मुंबईत मात्र चित्र काहीसे वेगळे होते, कारण १८८८ च्याच अधिनियमावर उभ्या असलेल्या तिथल्या महानगरपालिकेकडे स्वतःचे उत्पन्न होते आणि केईएम, नायर, शीव यांसारखी स्वतःची मोठी रुग्णालये होती. कामाठीपुऱ्यात महापालिकेने वेश्याव्यवसायातील स्त्रियांमधूनच कार्यकर्त्या निवडून निरोधवाटप आणि गुप्तरोगांवरील उपचार यांचे काम उभे केले. पुढे संपूर्ण राज्यासाठी एक एड्स नियंत्रण संस्था स्थापन होत असताना मुंबईसाठी महापालिकेच्या प्रशासनाखाली वेगळी संस्था निर्माण झाली. असा स्वतंत्र दर्जा देशात मुंबई, चेन्नई आणि अहमदाबाद या तीनच शहरांना मिळाला. या संस्थेचे कार्यालय वडाळ्याला अॅक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालयाच्या आवारात आहे, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहराने रस्त्यावरचे कुष्ठरोगी जिथे नेऊन ठेवले, तिथेच.

पुणे जिल्ह्याच्या डोंगरी पट्ट्यातील विंझरसारख्या गावाकडे यांपैकी काहीच नव्हते. नसरापूरहून तोरण्याच्या पायथ्याकडे, वेल्ह्याला जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव ज्या मुलखात आहे, तो मुलूख १९४८ पर्यंत भोर संस्थानात होता. १९६१ च्या अधिनियमानुसार १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, त्यानंतर ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद ही त्रिस्तरीय रचना येथे रुजली, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे व त्यांच्या हाताखालची उपकेंद्रे जिल्हा परिषदेकडे आली. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीतील २९ विषयांत आरोग्य, रुग्णालये आणि दवाखाने यांचा समावेश करून या संस्थांच्या अधिकाराला घटनेचा आधारही दिला.

परंतु नेमक्या त्याच वर्षांत आकाराला आलेला राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रम, ज्याचा पहिला टप्पा १९९२ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जावर सुरू झाला, तो पंचायतींना वळसा घालून गेला. निधी दिल्लीहून राज्याच्या नोंदणीकृत संस्थेकडे आणि तिथून जिल्ह्यातील केंद्रांकडे व स्वयंसेवी संस्थांकडे जाई. समुपदेशनासह चाचणी करणारी केंद्रे बहुतांशी राज्य शासनाच्या ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांत उघडली गेली, जिल्हा परिषदेच्या दवाखान्यांकडे ही सोय बरीच उशिरा आली. घटनेने ज्यांना आरोग्य हा विषय सोपवला, त्यांच्या हातून या एका रोगाचा कारभार जवळजवळ पूर्णपणे निसटला.

हे केवळ नोकरशाहीच्या सोयीने घडले असे म्हणता येत नाही. एचआयव्हीच्या कामाचा पाया गोपनीयता हा आहे, आणि भातशेतीवर वर्ष निभत नाही म्हणून घरातली कर्ती माणसे पुण्या-मुंबईला जाणाऱ्या, एकमेकांच्या सोयरिकी तोंडपाठ असणाऱ्या गावात ग्रामपंचायत ही गुपित न राहण्याचीच जागा असते. कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात स्थलांतरित मजूर आणि ट्रकचालक यांना ‘सेतू गट’ म्हटले गेले, कारण जास्त जोखमीच्या गटांतून संसर्ग त्यांच्यामार्फत सर्वसामान्य कुटुंबांत पोचतो असे गृहीत होते. गावात मात्र चाचणी प्रथम होई ती गरोदर स्त्रीची, आणि नवऱ्याकडून आलेल्या संसर्गाचा बोल तिलाच लागे. तिला चाचणीपर्यंत नेणारी आरोग्यसेविका जिल्हा परिषदेची कर्मचारी होती. बाळाला संसर्ग होऊ नये म्हणून आईला औषध देण्याच्या योजनेचे गावपातळीवरील यश बव्हंशी या सेविकेच्या तोंड बंद ठेवण्यावर अवलंबून राहिले, ही गोष्ट अहवालांत क्वचितच येते.

२००५ नंतर राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने गावोगावी आशा कार्यकर्ती आणि सरपंच-सदस्यांचा समावेश असलेली आरोग्य समिती आणली. लोकसंख्या आणि जोखीम पाहून निवडलेल्या गावांसाठी ‘लिंक वर्कर’ योजनाही आली, जिच्यात गावातलेच तरुण-तरुणी माहिती देण्याचे आणि लोकांना केंद्रापर्यंत पोचवण्याचे काम करीत. २०११ च्या जनगणनेत जेमतेम ५४ हजार वस्तीचा असलेला, वाड्यावस्त्यांत विखुरलेला विंझरचा वेल्हे तालुका अशा निकषांत अवघडच बसतो. ग्रामसभेत दरवर्षी १ डिसेंबरच्या, म्हणजे जागतिक एड्स दिनाच्या, सुमारास शपथ घेणे आणि फलक लावणे एवढ्यावर अनेक पंचायतींचे काम संपले. स्वतःच्या निधीतून बाधित कुटुंबाला मदत देऊ म्हटले, तरी लाभार्थ्यांची यादी जाहीर करण्याचा नियम आडवा येतो.

१० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेल्या एचआयव्ही व एड्स प्रतिबंध अधिनियमाने संमतीशिवाय चाचणी करणे आणि एखाद्याची बाधित अवस्था उघड करणे यांना मनाई केली आहे, तसेच नोकरी, शिक्षण, निवास आणि सार्वजनिक सोयी यांत भेदभाव करण्यास बंदी घातली आहे. त्यामुळे पंचायतीला रुग्ण शोधण्याचा अधिकार नाही. पाणवठा, शाळा, अंगणवाडी आणि स्मशान या ठिकाणी कोणालाही अडवले जाणार नाही, हे पाहण्याचे काम मात्र तिच्याच कारभाराच्या कक्षेत येते आणि त्यासाठी वेगळ्या निधीची गरज नाही.