घराजवळची मानसिक आरोग्य सेवा : कुटुंबे ती का घेतात, का टाळतात

ग्वाल्हेरला मनोविकारांवरील उपचारांची सोय नवी नाही. ग्वाल्हेर मानसिक आरोग्यशाळा १९३५ पासून आहे. पुढे उपचार घराजवळ मिळावेत म्हणून केंद्र सरकारने १९८२ मध्ये राष्ट्रीय आणि १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू केला. आपले जिल्हा रुग्णालय तर मुरारमध्येच आहे. तरीही २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात (मध्य प्रदेशासह १२ राज्ये) निरनिराळ्या मनोविकारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना आढळले. म्हणजे सोय जवळ असणे पुरेसे नाही.

लोक का टाळतात?

१. आजार ओळखू येत नाही. झोप उडणे, भूक मरणे, सतत चिडचिड, कशातच मन न लागणे ही लक्षणे ‘स्वभाव’, ‘वय झाले’ किंवा ‘बाहेरची बाधा’ म्हणून सोडून दिली जातात.

२. लोकलज्जा. आपला समाज लहान, सगळे एकमेकांना ओळखणारे. मुलीचे लग्न ठरायचे आहे, या एका कारणाने वर्षे वाया जातात. त्यात ‘पागलखाना’ या शब्दाची धास्ती.

३. जुनी भीती. ग्वाल्हेर, आग्रा व रांची येथील रुग्णालयांच्या स्थितीची दखल सर्वोच्च न्यायालयाने घेतली आणि १९९७ मध्ये देखरेख राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे सोपवली. ‘एकदा नेले की कोंडून ठेवतील’ हा समज अजून ऐकू येतो. प्रत्यक्षात बहुतेक रुग्णांना दाखल व्हावे लागत नाही. तपासणी, औषधे व समुपदेशन यांवर घरी राहूनच उपचार होतात.

४. भाषा व सोबत. घरात मराठी बोलणाऱ्या आजींना मनातले दुःख हिंदीत सांगणे जड जाते. मुले नोकरीसाठी बाहेरगावी. मग दवाखान्यात नेणार कोण?

५. औषधे मध्येच सोडणे. बरे वाटू लागताच गोळ्या बंद होतात, त्रास परततो आणि ‘उपचारांचा उपयोग नाही’ असे मत बनते.

लोक कशामुळे येतात?

अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ हा उपक्रम झाला. प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांनी लोकांशी नैराश्याबद्दल बोलून पुढील उपचारांची वाट दाखवली. मदत घेणाऱ्या नैराश्यग्रस्तांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले. ओळखीच्या माणसाने विषय काढला की दार उघडते, हाच त्याचा अर्थ.

सभासद कुटुंबांसाठी

• लक्षणे दोन आठवडे टिकली तर डॉक्टरांना दाखवा. पहिल्या भेटीला घरातील कोणी सोबत जा. गरज पडल्यास बोलणे हिंदीत समजावून सांगा.

• डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध बंद करू नका.

• मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार उपचार हा हक्क आहे आणि रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणे बंधनकारक आहे. आरोग्य विम्यातही मनोविकारांना शारीरिक आजारांप्रमाणेच स्थान आहे.

• टेली-मानस : १४४१६. ही दूरध्वनी सेवा विनामूल्य असून २४ तास चालते. भाषा निवडता येते. मराठीचाही पर्याय आहे.

• कोणी ‘जगावेसे वाटत नाही’ म्हणाले तर ते बोलणे हसण्यावारी नेऊ नका. त्या व्यक्तीला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

मधुमेहाची गोळी आपण चारचौघांत घेतो. मनाच्या आजाराबद्दलही तितक्याच सहजपणे बोलता आले, तर जवळची सेवा खऱ्या अर्थाने जवळ येईल.