बोट, नजर आणि पराग

आमच्या आजीच्या परसात कोवळ्या काकडीकडे बोट दाखवायची सोय नव्हती. "बोट दाखवलंस की कुजते गं." दाखवायचंच तर मुडपून. तरी काही काकड्या पिवळ्या पडून गळायच्याच. मग कोणाची नजर लागली याचा शोध! शेजारच्या काकूंना मूल नव्हतं. वेलाला कळ्या लागल्या की त्यांनी परसात येऊ नये, असं न बोलता ठरलेलं होतं.

खरं कारण साधं आहे. काकडी, दुधी, भोपळा यांची नर आणि मादी फुलं वेगवेगळी. मादी फुलामागे इवलंसं फळ आधीच दिसतं, पण पराग पोचले नाहीत तर ते गळून जातं.

हे नीट तपासून पाहणारा माणूस म्हणजे जर्मनीतल्या ट्यूबिंगेनचा कामेरारिउस. त्याने एरंडाची नर फुलं उमलण्याआधीच खुडून टाकली, तर बी भरलंच नाही. १६९४ साली त्याने हे एका लांबलचक पत्रात लिहून काढलं. मला हा माणूस फार आवडतो. त्याने कोणाला दोष दिला नाही, फुलं खुडली आणि वाट पाहिली.

पुढे बर्लिनमध्ये मादी पामचं एक एकटं झाड होतं, रुजणारं बी कधी न धरलेलं. १७४९ मध्ये ग्लेडित्शने लाइपझिगहून नराचे पराग मागवून त्यावर टाकले. फळं धरली, बीही रुजलं.

टोमॅटोचं प्रकरण वेगळं. एकाच फुलात दोन्ही असतं, पण पराग नळीत अडकलेले, हलवल्याशिवाय पडत नाहीत. युरोपातल्या काचघरांत मजूर थरथरणारी कांडी घेऊन घोसाघोसाला लावत फिरायचे. बेल्जियमचे पशुवैद्य द योंगे यांनी ते काम बंबलबीवर, म्हणजे केसाळ गुबगुबीत भुंग्यावर सोपवलं आणि १९८७ मध्ये त्यासाठी कंपनीच काढली. मधमाशीला ही थरथर जमत नाही, बरं का!

असो. माझ्या काचबंद गॅलरीत भुंगा कुठून येणार? दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं, ते ऑफिसवाल्यांच्या सोयीचंच. नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवायचं. यंदा पाचपैकी तीन धरले आहेत.