मुक्तीच्या कारभारणी

आदिलाबाद, किनवट व राजुरा या भागांत सेवा करणाऱ्या पाळकांना व उपदेशकांना भाषेच्या सीमा किती कृत्रिम असतात हे सांगावयास नको. 1956 च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत किनवट व राजुरा हे तालुके हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यातच होते. याच आदिलाबादेत 2018 ते 2020 या काळात दिव्या देवराजन या जिल्हाधिकारी होत्या. आपल्या कचेरीत येणाऱ्या गोंड लोकांचे गाऱ्हाणे दुभाष्यावाचून ऐकता यावे म्हणून त्या स्वतः गोंडी शिकल्या. त्यांची बदली झाल्यावर तेथील एका वस्तीने त्यांचेच नाव धारण केले. अधिकारपदावरील स्त्रीला तिच्या हाताखालची माणसे केव्हा आपली मानतात, या प्रश्नाचा विचार करताना मन साहजिकच केडगावकडे वळते.

पंडिता रमाबाईंनी 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास नेले. या कार्याला आधार होता तो बोस्टन येथे 1887 मध्ये स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनचा. दहा वर्षे साहाय्य करण्याचे त्या मंडळींनी मान्य केले होते. येथील सल्लागारांत रानडे व भांडारकर यांच्यासारखे थोर पुरुष होते. परंतु 1893 मध्ये धर्मांतराविषयी गदारोळ उठला, सल्लागारांनी आपली नावे काढून घेतली आणि वीसांहून अधिक मुली सदन सोडून गेल्या. संस्था बुडते की राहते असा तो प्रसंग होता. बोस्टनच्या मंडळींनी विश्वास ढळू दिला नाही, ही गोष्ट खरी. तथापि रमाबाईंनी त्यातून जो धडा घेतला तो अधिक महत्त्वाचा आहे. दुसऱ्याच्या पाठिंब्याची मुदत संपते, हे ओळखून त्यांनी केडगावला जमीन घेतली व तीत फळझाडे लाविली. दहा वर्षांनंतर संस्थेला स्वतःचे उत्पन्न असावे हा त्यामागील हिशेब होता. रमाबाईंच्या भक्तीविषयी आपण पुष्कळ लिहितो. त्यांच्या हिशेबीपणाविषयी मात्र फारसे लिहीत नाही.

ही जमीन अपेक्षेहून लवकर उपयोगी पडली. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून सुमारे तीनशे मुली व विधवा आणल्या, आणि 1900 च्या दुष्काळानंतर केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या जनसमुदायाचे जेवणखाण, आजार, भांडणे व शिक्षण एकट्या बाईने सांभाळणे अशक्य होते. इथ्रोने मोशेला दिलेला सल्ला येथे प्रत्यक्षात आला, फरक इतकाच की दहांवर आणि पन्नासांवर नेमलेले नायक येथे स्त्रिया होत्या. शारदा सदनात शिकलेल्या मुली शिक्षिका व देखरेख करणाऱ्या झाल्या. काल ज्या उपाशी आल्या त्यांच्या हाती आज नव्याने आलेल्या मुली सोपविल्या जात. शेत, गोठा, तेलघाणा, हातमाग, शिवण व छापखाना अशी खाती उभी राहिली. ज्या काळी विधवेला घरातील फडताळाची किल्लीही मिळत नसे, त्या काळी येथे तिच्याकडे एका खात्याचा कारभार येई. कामाला अर्थ कसा येतो याचे उत्तर मला या किल्लीत दिसते. केवळ कष्ट तर तिने सासरीही पुष्कळ उपसले होते.

ही शिकवण केडगावच्या कुंपणात राहिली नाही. शारदा सदनाच्या आरंभीच्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई 1893 मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या, आणि त्यांची बहीण पार्वतीबाई आठवले यांनी हिंगण्याच्या आश्रमाचा कारभार पाहिला व आश्रमासाठी निधी जमवीत त्या अमेरिकेपर्यंत गेल्या. धर्म वेगळा राहिला, पण कारभाराचे बळ एकाच झऱ्याचे होते.

या चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मनोरमाबाईंना रमाबाईंनी परदेशी शिक्षण देऊन वारस म्हणून घडविले. शारदा सदनाचा भार त्यांच्यावर होता. 1912 च्या सुमारास निजामाच्या मुलुखात गुलबर्गा येथे निघालेल्या शाळेचाही भार त्यांच्यावरच आला. चाळीस वर्षे वयाच्या मनोरमाबाई 24 जुलै 1921 रोजी वारल्या. खात्याखात्यांतून कारभारणी तयार झाल्या होत्या, परंतु सर्वांत वरची जागा मायलेकींच्या पलीकडे कोणासाठी घडविली गेली नव्हती, असे म्हणावे लागते. संस्थेची धुरा लिसा हेस्टी या परदेशी मिशनरी बाईंकडे गेली. हेस्टीबाईंच्या निष्ठेविषयी शंका नाही. पण दोन हजारांतून एकही नाव पुढे का आले नाही, हा प्रश्न आपल्या मंडळ्यांनी स्वतःसही विचारण्यासारखा आहे. आपल्याकडे बायबल स्त्रीला वस्तीत पाठविले जाते. पंचमंडळींच्या बैठकीत हिशेबाची वही तिच्यापुढे किती वेळा ठेविली जाते?

रमाबाईंचे शेवटचे मोठे काम पवित्र शास्त्राच्या भाषांतराचे होते. अल्पशिक्षित बायकांना समजेल अशी मराठी त्यांना हवी होती, आणि त्यासाठी त्यांनी उतारवयात हिब्रू व ग्रीक यांचा अभ्यास केला. कलेक्टरबाईंनी गोंडी शिकावी, तसेच हे. हस्तलिखित छापखान्यात जाई, तेथे मुक्तीतील स्त्रिया खिळे जुळवीत व यंत्र चालवीत. रमाबाई 5 एप्रिल 1922 रोजी निवर्तल्या. छपाईचे काम त्या स्त्रियांनी पुढे चालू ठेविले, आणि 1924 मध्ये संपूर्ण ग्रंथ केडगावहून बाहेर पडला.