अणुभट्टी बंद का होते? प्लॅन्ड आणि अनप्लॅन्ड आउटेज सोप्या भाषेत

‘अणुभट्टी ट्रिप झाली’ असा मेसेज ग्रुपवर आला की लगेच कोणीतरी विचारतंच, “आता स्फोट होणार का?” मी यवतमाळचा. लाईट जाणं आपल्याला नवीन नाही, पण भट्टी बंद होणं म्हणजे नेमकं काय, हे फारसं कुणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

आउटेज म्हणजे काय?
भट्टीतून वीज मिळणं थांबलं की झालं आउटेज. तारीख ठरवून बंद केली तर प्लॅन्ड, अचानक बंद झाली तर अनप्लॅन्ड.

प्लॅन्ड आउटेजची कारणं
१. इंधन बदलणे: वणीच्या खाणीतला कोळसा औष्णिक केंद्रात सतत टाकावा लागतो. युरेनियम मात्र महिनोन्‌महिने पुरतं. पालघर जिल्ह्यातल्या तारापूरची युनिट १ आणि २ (१९६९) कुकरसारखी आहेत: झाकण उघडायचं तर आधी गॅस बंद. तिथल्याच युनिट ३ आणि ४ या ५४० मेगावॅटच्या जड पाण्याच्या भट्ट्या. त्यांत चालू भट्टीतच यंत्र इंधन बदलतं. याच प्रकारची कर्नाटकातली कैगा-१ भट्टी २०१८ च्या अखेरपर्यंत सलग ९६२ दिवस चालली.

२. देखभाल: टर्बाइन, व्हॉल्व्ह, पाइप तपासावे लागतात. तारापूरची युनिट १ आणि २ जुने पाइप बदलण्यासाठी २०२० मध्ये दीर्घकाळासाठी बंद केली गेली.

अनप्लॅन्ड आउटेजची कारणं
१. बिघाड: १९९३ मध्ये नरोऱ्यात टर्बाइनची पाती तुटून आग लागली. २०१६ मध्ये काक्रापारला जड पाण्याची गळती झाली. दोन्ही वेळा भट्टी बंद करावी लागली.

२. ग्रिड: ग्रिड कोसळली तर तयार वीज जाणार कुठे?

३. समुद्र: ऑगस्ट २०२५ मध्ये फ्रान्सच्या ग्राव्हलिन केंद्रात पाणी खेचणाऱ्या पंपांच्या जाळ्यांत जेलीफिश अडकले आणि ४ भट्ट्या बंद झाल्या.

ट्रिप म्हणजे अपघात?
नाही. काही गडबड दिसली की नियंत्रक दांडे आत जातात आणि काही सेकंदांत अणुविखंडन थांबतं. घरातला एमसीबी पडतो, तसंच. पण एक फरक आहे. बंद झाल्या क्षणीही भट्टीत पूर्ण क्षमतेच्या सुमारे ६ ते ७ टक्के उष्णता निर्माण होत असते. ती हळूहळू कमी होते, तोवर थंड पाणी फिरतं ठेवावंच लागतं. २०११ मध्ये फुकुशिमात भूकंप होताच चालू भट्ट्या बंद झाल्या होत्या. घात केला तो त्सुनामीने: थंड करणाऱ्या यंत्रणेची वीज गेली.

लगेच परत चालू का करत नाहीत?
मला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट हीच. बंद झाल्यावर आत झेनॉन-१३५ वायू साठतो आणि तो न्यूट्रॉन गिळतो. त्यामुळे दोष मिनिटांत सापडला, तरी जड पाण्याच्या भट्टीला साधारण दीड दिवस थांबावं लागू शकतं.

यवतमाळची लाईट जाईल का?
सहसा नाही. देशाच्या विजेत अणुऊर्जेचा वाटा साधारण ३ टक्के आहे आणि एक भट्टी थांबली तर ग्रिड इतर केंद्रांतून वीज घेते. आपल्या घरची लाईट गेली, तर आधी डीपी आणि फिडरकडे बघा.

पुढच्या वेळी असा मेसेज आला, की फॉरवर्ड करण्याआधी तीन गोष्टी तपासा: आउटेज ठरलेलं होतं का? कारण काय? आणि थंड करणारे पंप चालू आहेत का? यातला तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा.