तुमच्या फोनचा पत्ता शेजाऱ्याचाही कसा?

घरच्या वायफायवर फोनचा आयपी पत्ता बघा. बहुतेक १९२.१६८ ने सुरू होईल. शेजाऱ्याकडेही तसाच!

इंटरनेटचे मूळ पत्ते जेमतेम ४३० कोटी. ते पुरणार नाहीत म्हणून १९९४ साली 'नॅट' ही युक्ती मांडली गेली: बाहेर एकच पत्ता, आत खासगी पत्ते. अमेरिकेत घरोघरी ब्रॉडबँड येऊ लागलं, तेव्हा हौशी मंडळी जुन्या कॉम्प्युटरला दोन नेटवर्क कार्डं लावून लिनक्सवर हेच करायची. एक कार्ड मोडेमकडे, दुसरं घराकडे. कुणाचं उत्तर कुणाला द्यायचं, हे तो कॉम्प्युटर लक्षात ठेवायचा. आज ते काम राउटर करतो.

मला खटकतं ते वेगळंच. ही युक्ती तात्पुरती होती, ती कायमची झाली. त्यामुळे घरच्या कॉम्प्युटरवर स्वतःची वेबसाइट ठेवायची, तर आधी राउटरमध्ये वाट उघडावी लागते.